सिलीगुडीला न गेलेली गाडी

शालू,

परवा तुझी तेरवी झाली. मंडप सुटला, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, पाहुणे आपापल्या गावी गेले. जाताना सगळे तेच बोलत होते आणि मी सगळ्यांपुढे तीच मान हलवत होते. रडून माणूस एवढं थकत नाही, जेवढं मान हलवून थकतं.

अंगणात तुझी गाडी उभी आहे. काल सकाळी पंकज तिच्याभोवती दोनदा फिरला, एका टायरला पायानं ठोकून पाहिलं आणि मग माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसला. मुलगा माझा, पण वाढला तुझ्या अंगाखांद्यावर. मला काही विचारायचं असलं की आधी तुझ्याकडे जायचा, आणि तू त्याची वकिली करत माझ्याकडे यायचीस. आता त्याला सरळ मलाच विचारावं लागलं.

"आई, मृगाच्या बहाराचा संत्रा उतरून राहिला. भाड्यानं गाडी भेटून नाही राहिली. आत्याच्या गाडीतला पलंग-बिलंग काढला असता तं..."

पुढचं त्यानं तोंडातच ठेवलं. मी म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या आज उजाडला आहे. त्याला हो की नाही सांगण्याआधी मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. जानेवारीत आपण निघणार होतो आणि निघालो नाही, ते माझ्यामुळे. त्यात मी तुझ्याशी खोटं बोलले. तू असताना सांगायचा धीर झाला नाही, आता तू नाहीस तर दिवसभर तेच एक तोंडाशी येतं.

मी शाळेतून रिटायर झाले त्या संध्याकाळी तू मला घ्यायला आली होतीस. मी शाल, नारळ आणि हार सांभाळत तुझ्या पिकअपमध्ये चढले. मागं रिकामी कॅरेट खडखडत होती. सौंसरच्या चौकात तू गाडी थांबवलीस आणि म्हणालीस, "वहिनी, आता तू मोकळी झाली. चाल, सिलीगुडीले जाऊ."

मला वाटलं, थट्टा. तू कसली थट्टा करतेस! "तीस वर्सं झाली माल भरून राहिली मी. आपला संत्रा दिल्लीले जाते, पाटण्याले जाते, सिलीगुडीच्या पुढं पहाडात जाते. अन् मी? सौंसर, पांढुर्णा, लयच झालं तं नागपूर. माह्यापेक्षा माहा संत्रा जास्त फिरला वं."

मी म्हटलं, मग रेल्वेनं जाऊ, पांढुर्ण्याहून गाडी आहे. तर म्हणे, "संत्रा रस्त्यानं जाते, मी बी रस्त्यानंच जाईन. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं, जिथं माल उतरते तिथं आपण उतरायचं."

मी तुला म्हणाले होते, कुठंही गेलीस तरी पळसाला पानं तीनच. तू लगेच म्हणालीस, "मंग तीनच पानं पाहून येतो ना. तुहं काय जाते?"

माझं काय जात होतं ते मला तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगते. तू सासर सोडून एक ट्रंक घेऊन परत आलीस तेव्हा मी या घरात नवी होते. शेजारच्या बायांनी पैजा लावल्या होत्या की नणंद-भावजयीचं महिनाभर पटणार नाही. मी तुला 'बाई' म्हणायचे, अहो-जाहो करायचे. तू बोरगावची बाग हातात घेतलीस, ट्रॅक्टर शिकलीस, मग पिकअप. तुझे दादा गेले, पंकज धंद्यापायी पांढुर्ण्याला राहायला गेला, घरात आपण दोघीच उरलो. 'बाई'ची शालू कधी झाली आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मला आठवत नाही. पण रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच मला माझी अशी सकाळ मिळाली. डबा नाही, घंटा नाही. चहाचा कप घेऊन मागच्या दारात बसायचं आणि तू बागेतून यायची वाट पाहायची. मला एवढंच हवं होतं. तेवढ्यात तू सिलीगुडी काढलीस.

गाडी पाहण्यात आपलं एक वर्ष गेलं. लोक मुलीसाठी स्थळं पाहतात तशा आपण गाड्या पाहिल्या, आणि प्रत्येक स्थळात मी खोट काढली. पांढुर्ण्याची ती शाळेची जुनी बस आठवते? तू आत चढून पावलं मोजत होतीस आणि मी म्हटलं, एवढी लांब गाडी बोरगावच्या वळणावर वळवून दाखव. वरातीची टेम्पो ट्रॅव्हलर पाहिली, तिच्या छताला आरसे आणि लाल-निळे दिवे. मी म्हटलं, यात झोपले तर मला रात्रभर नवरी असल्यासारखं वाटेल. तू हसून हसून दाराला टेकलीस. मग नागपूरला एक जुनी ॲम्ब्युलन्स मिळत होती, इंजिन छान, आत पलंग तयार, पंखा तयार. तुला ती फार आवडली होती. मी सरळ नाही म्हटलं, ज्या गाडीत माणसं मेली त्या गाडीत मी झोपणार नाही.

"दवाखान्याच्या खाटेवर बी मानसं मरतात. ऑपरेशनच्या वक्ती तू तिथं आठ दिवस झोपली नं?"

"तिथं मी हौसेनं गेले नव्हते."

तू परतीच्या वाटेवर सावनेरपर्यंत बोलली नाहीस. सावनेरला चहा घेतला आणि तू म्हणालीस, "ठीक हाय. दुसऱ्याची गाडीच नको. आपलीच घेतो." म्हणजे तुझी संत्र्याची पिकअप. बारा वर्षं माल वाहिलेली, रंग उडालेली, जिच्यात कुठंही नाक लावलं तरी सालीचा वास येतो. तिच्यात मला खोट काढता येईना, कारण त्या गाडीनं आपलं घर चालवलं होतं.

मग सावरगावचे गजाननभाऊ. जाम नदीच्या पलीकडे त्यांचं दुकान, संत्र्याच्या गाड्यांचे डाले, म्हणजे मागचे हौदे, बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. माणसं झोपायची गाडी मात्र त्यांनी आयुष्यात बांधली नव्हती. तू त्यांना फोनवर माप सांगितलंस ते अजून आठवलं की मला हसू येतं. फूट नाही, इंच नाही. "भाऊ, पलंग चार पेट्या लांब, दोन पेट्या रुंद." तुझ्या डोक्यात जुनी लाकडी पेटी, गवत घालून भरायची ती. गजाननभाऊंच्या दुकानात आता पेटी कुठली? त्यांनी प्लास्टिकची चार कॅरेट, पेटीपेक्षा लांब असलेली, एकापुढे एक मांडली आणि पलंग बांधून टाकला. दहा दिवसांनी आपण गाडी आणायला गेलो तर पलंग इतका लांब की पुढं स्वयंपाकाचा ओटा ठेवायला जागाच नाही.

गजाननभाऊ कपाळावर हात मारून घेत होते. "बाई, पेटी म्हनल्यावर मी कॅरेटच समजलो ना. आता पेटी कोन वापरते?" तू पलंगावर आडवी झालीस, पाय ताणलेस, तरी पायापाशी हातभर जागा उरली. म्हणालीस, "कापू नका भाऊ. राहू द्या. जिंदगीभर पाय दुमडून झोपली मी."

पलंग तसाच राहिला. ओटा गेला गाडीच्या मागच्या दाराबाहेर, बिजागरीच्या फळीवर. म्हणजे मी भररस्त्यात उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांच्या देखत पोळ्या लाटायच्या. मी म्हटलं, मी मास्तरीण आहे, कोणी ओळखीचं भेटलं तर? तू म्हणालीस, "बिहारात कोन वळखते तुले? अन् वळखलं तं त्यालेबी पोळी दे."

पाण्यासाठी तू फवारणीचा निळा ड्रम आणलास. तीनदा धुतला, निरमा लावून धुतला, उन्हात वाळवला, तरी मी त्यातलं पाणी प्यायला तयार नव्हते. तू स्वतः ग्लासभर पिऊन दाखवायला निघालीस तेव्हा मी तुझ्या हातातून ग्लास ओढून घेतला. त्या दिवशी मी खरंच ओरडले तुझ्यावर. औषधाचा ड्रम तो, जिवाशी खेळ कशाला? दुसऱ्या दिवशी तू नवा ड्रम आणलास. नंतर संडासाचा प्रश्न निघाला. झाकणाच्या बादलीवरून आपण जेवढं भांडलो तेवढं वाटणीवरून भाऊसुद्धा भांडत नसतील. तुझं म्हणणं पेट्रोल पंपावर सगळी सोय असते. माझं म्हणणं, पंप तुझ्या वेळेला येईल, माझ्या वेळेला येईलच असं नाही. शेवटी बादली आली. पडदे मी शिवले, माझ्या दोन सुती साड्यांचे. छताला छोटा पंखा लावून घेतला, त्यासाठी वेगळी बॅटरी बसवली.

आणि रस्ता माझ्याकडे होता. शाळेतल्या उरलेल्या वहीत मी सगळं लिहून काढलं. जबलपूर, पुढं बनारस, पाटणा, मग सिलीगुडी. कुठल्या गावाला आपला माल जातो, तिथला व्यापारी कोण, त्याचा फोन कोणाकडे मिळेल. तू संध्याकाळी हात-पाय धुवून समोर बसायचीस आणि मी धडा घ्यावा तसा रस्ता वाचून दाखवायचे. तू मध्येच थांबवायचीस, "नदी येते का तिथं? पूल किती लांब हाय?" शालू, मला जायचं नव्हतं, पण जायची तयारी मला फार आवडत होती. इतकी हौस मी लग्नातसुद्धा केली नाही. मला वाटायचं ही तयारीच चालू राहावी, आणखी एक वर्ष, आणखी दोन. आज पडदे, उद्या हूक, परवा मसाल्याच्या डब्या. तू मात्र खरंच निघणार होतीस. आंबिया बहाराचा माल आटोपला आणि तू दिवस सांगितलास, संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार.

त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी तू तिळाचे लाडू डब्यात भरत होतीस. मी अंथरुणातून उठलेच नाही. म्हटलं, गुडघा धरला आहे, पायच टेकवत नाही.

तू डबा तसाच ठेवून आलीस. तेल गरम केलंस, माझा पाय मांडीवर घेतलास आणि चोळायला बसलीस. "थांबू ना बाप्पा. सिलीगुडी काय पळून चालली का? तुहा गुडघा बरा होऊ दे." एकदासुद्धा तोंड वाकडं केलं नाहीस. मला वाटलं होतं तू चिडशील, आणि तू चिडलीस की मीही चिडेन, आणि भांडणात खरं काय ते तोंडून निघून जाईल. तू चिडलीच नाहीस. मग मला रोज लंगडावं लागलं. मोरीत जाताना लंगडायचं, तुळशीपाशी लंगडायचं. तू बागेत गेलीस की मी घरभर नीट चालायचे आणि तुझ्या गाडीचा आवाज आला की पुन्हा भिंत धरायचे. रोज तू तेल लावायचीस. माझ्या गुडघ्याला इतकं तेल पाजलंस की खरोखर दुखत असता तर बरा झाला असता.

तीन आठवडे. मग त्या सकाळी तू बागेतून लवकर परत आलीस आणि ओट्यावरच बसलीस. "वहिनी, जीव घाबरून राहिला." तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पंकज योगायोगानं घरी होता. डॉक्टर आले, म्हणाले नागपूरला न्या, वेळ काढू नका. दारात उभी असलेली आणि पलंग असलेली गाडी एकच होती.

म्हणजे आपण निघालो, शालू. पंकज चालवत होता, तू लांबलचक पलंगावर, वर तो पंखा फिरत होता, माझ्या साड्यांचे पडदे वाऱ्यानं आत येत होते. मी खाली पत्र्यावर मांडी घालून तुझा हात धरून बसले होते. त्या क्षणी मला काही लक्षात नव्हतं, ना खोटं ना खरं. तू डोळे उघडलेस. आवाज अगदी खाली गेला होता.

"खाली काऊन बसली वं? वरतं बस. पायापाशी जागा हाय. गुडघा दुखन तुहा."

मी वर बसले. तुझे पाय मांडीवर घेतले. आणि तेव्हासुद्धा सांगितलं नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी नुसती 'हो, हो' म्हणत राहिले. सावनेर मागं पडलं आणि तू बोलायची थांबलीस. पुढं दवाखान्यात जे झालं ते माझ्या दृष्टीनं झालंच नाही, मी तिथं नुसती उभी होते.

आता बाया येतात, माझ्या पाठीवरून हात फिरवतात. शेजारची तर रोज म्हणते, "देवानंच तुमचा गुडघा धरला म्हना. नाहीतं रस्त्यात कुठं परमुलखात झालं असतं तं काय केलं असतं दोघी बायांनी?" मी मान हलवते. मला ओरडून सांगावंसं वाटतं की देवाला यात घेऊ नका. आपण त्या सोमवारी निघालो असतो तर तीन आठवड्यांत तू सिलीगुडी पाहिली असतीस. व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायली असतीस, तुझ्या संत्र्यांना हात लावला असतास, आणि कदाचित परतही आली असतीस. नसतीसही आली. पण पाहून गेली असतीस. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं. तू मला 'वहिनी, तू मोकळी झाली' म्हणालीस त्याचं मी हे केलं.

इथवर लिहून झालं आणि पंकज पांढुर्ण्याहून आला. मी त्याला म्हटलं, काढ पलंग. झाडावर माल पिकून पडायला आलेला असताना गाडी शोभेला उभी ठेवलेली तू खपवून घेतली नसतीस, एवढं मला कळतं. त्यानं नट खोलायचे पाने काढले, मागचं दार उघडलं आणि कामाला लागला. मी तिथंच उभी होते. बराच वेळ उभी आहे असं पाहून तो म्हणाला, "बस ना आई. गुडघ्यावर लोड नको घेऊ."

मी म्हटलं, "माझा गुडघा दुखत नव्हता रे."

तो थांबला. मी त्याला सगळं सांगितलं. शनिवार, तेल, लंगडणं, गाडीतलं तुझं ते बोलणं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "हे आत्याले सांगाचं होतं, आई. नाही जात म्हनायचं. आत्यानं काय जबरदस्ती केली असती?"

"नसती केली."

"मंग काऊन खोटं बोलली?"

इतके दिवस मी स्वतःलाही हे विचारलं नव्हतं. मी चोर होते, चोराला कोण विचारतं की का केलंस? पण पोरानं विचारलं आणि उत्तर तोंडून आपोआप निघालं. "मी नाही म्हटलं असतं तर ती एकटी गेली असती."

"मंग जाऊ द्याचं होतं ना तिले."

"आणि मी काय केलं असतं इथं?" मी म्हटलं. "तिच्याशिवाय मी एक महिना कसा काढला असता रे?"

 पंकजनं हातातला पाना गाडीत ठेवला, हात पुसले आणि मला धरून आणून ओट्यावर बसवलं. मग तोही शेजारी बसला.